अक्षतांचा अहवाल

बाबा विमानं दुरुस्त करायचे, पण त्यांच्याशी विमानांबद्दल बोलण्यात काही मजा नव्हती. शाळेतल्या मुलींना वाटायचं, हिचे वडील विमानतळावर काम करतात म्हणजे घरी रोज ढगांच्या गोष्टी होत असतील. बाबांना विमानाचं पोट, त्याची चाकं आणि त्याची गळती एवढंच ठाऊक होतं. ते वर जाऊन काय करतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. फारच आग्रह केला तर ते एखाद्या हरवलेल्या नटाची गोष्ट सांगायचे, आणि ती नट सापडला इथे संपायची. लग्न ठरल्यावर त्यांनी आईला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही ब्रेकच्या तेलाचा उल्लेख होता, असं आई सांगते. तिने ते पत्र जपून ठेवलं होतं, पण कशासाठी हे तिलाही नीट सांगता यायचं नाही.

मुंबईत ते ज्या विमान कंपनीत होते तिथे आधी पगार उशिरा यायला लागला, मग अर्धा आला, मग नुसती पत्रं यायला लागली, आणि प्रत्येक पत्रात कंपनीने आम्हाला आपलं कुटुंब म्हटलेलं असायचं. विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या हँगरमधली माणसं एकेक करून पांगली. कोणी दुबईला, कोणी दोहाला, कोणी सिंगापूरला. निरोपाच्या समारंभांना समोसे कोण आणणार यावरून शेवटी शेवटी पंचाईत व्हायची, कारण आणणारे आधीच गेलेले असायचे. बाबा जपानला आले. तेव्हा इथल्या भूकंपाला फार दिवस झाले नव्हते आणि पुष्कळ परदेशी माणसं मिळेल त्या विमानाने आपापल्या देशी निघून गेली होती. विमानं दुरुस्त करणारेही त्यांत होते. मामाने फोनवर विचारलं, लोक तिथून पळतायत आणि तुम्ही निघालात कुठे? बाबा म्हणाले, "पळाले म्हणून तर जागा आहे." नातेवाइकांना त्यांनी एकच कारण सांगितलं: तिथे पगार पंचवीस तारखेला होतो, आणि पंचवीसला रविवार आला तर शुक्रवारीच होतो. हे वाक्य मी तीन लग्नांत आणि एका मुंजीत ऐकलं. मलाही तेच कारण खरं वाटायचं, कारण मी बारा-तेरा वर्षांची होते आणि शुक्रवारी पगार होणं ही मला मोठी गोष्ट वाटली होती.

आमचं घर ओजिमा नावाच्या भागात होतं, मोठ्या वसाहतीतल्या एका उंच इमारतीत, नवव्या मजल्यावर. हॉलच्या भिंतीत भूकंपाची एक चीर होती. घरमालक संस्थेचा माणूस दर सहा महिन्यांनी येऊन ती पट्टीने मोजायचा, वाकून नमस्कार करायचा आणि ती वाढलेली नाही असं सांगून जायचा. आईने तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं; तो यायच्या दिवशी ती ते काढून ठेवायची. खरा प्रश्न कुकरचा झाला. त्या वर्षांत जमीन अधूनमधून हलायची आणि सगळ्यांचे कान कुठल्याही कर्कश आवाजाकडे लागलेले असायचे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वयस्क नाकाजिमाबाई कुकरची पहिली शिट्टी झाली की डोक्यावर हेल्मेट चढवून जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. दोन महिने हे कोणाला कळलंच नाही. त्या बिचाऱ्या रोज वरणासाठी जिन्यात उभ्या होत्या. कळल्यावर आईला फार वाईट वाटलं. मग ती मला जपानीत चिठ्ठी लिहायला लावायची आणि लिफ्टपाशी चिकटवायची: आज साडेसहा वाजता तीन शिट्ट्या होतील, धोका नाही. पुढे नाकाजिमाबाई त्यावर आपलं घड्याळ लावायला लागल्या. आमच्याकडे घावन-चटणी असली आणि शिट्टी झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी करायच्या.

खाण्याच्या बाबतीत आईने जपानला फारशी सवलत दिली नाही. वाल मिळायचे, पण थंडीत त्यांना मोड यायचे नाहीत. ती ते फडक्यात बांधून बाबांच्या जुन्या मुंबईच्या गणवेशाच्या स्वेटरमध्ये गुंडाळायची आणि भाताच्या विजेच्या भांड्याला टेकवून ठेवायची. त्या स्वेटरवर छातीशी कंपनीचं चिन्ह होतं. बाबा म्हणायचे, कंपनीकडून काहीतरी उगवलं हे बरं झालं. बिरडं झालं की आम्ही तिघं ते काही न बोलता खायचो. अजूनही बिरड्याच्या जेवणात मला फार बोलणारी माणसं आवडत नाहीत.

आता हत्यारांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. बाबांच्या इथल्या हँगरमध्ये प्रत्येक पान्याला नंबर होता आणि भिंतीवरच्या फळीत त्याच्या आकाराची खाच होती. पाळी संपताना सगळ्या खाचा भरलेल्या दिसल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एकदा एक छोटा स्क्रूड्रायव्हर सापडेना, तर अकरा माणसांनी मिळून कचऱ्याचे डबे उपसले होते. घरी आणायची मुभा एकाच वस्तूला होती, ती म्हणजे बाबांचा टॉर्च. तो त्यांनी शिकाऊ असताना मुंबईत घेतलेला होता, इथे त्यावर नंबराची चिकटपट्टी लागली होती, आणि त्याला आईने शिवलेलं जाड कापडाचं कव्हर होतं. मुंबईत बाबा विमानाच्या कागदांवर सही करणारे इंजिनियर होते. त्यांनी सही केली की विमान उडायचं. इथे आल्यापासून ते दुसऱ्याच्या सहीखाली काम करत होते. सही करायचा अधिकार इथल्या परीक्षा देऊन नव्याने मिळवायचा होता. परीक्षा झाल्या होत्या, फक्त विभागप्रमुख मोरी-सानांची शिफारस बाकी होती. ती मिळाली नाही तर मार्चअखेर करार संपणार होता, करारावर व्हिसा होता, आणि व्हिसावर माझी हायस्कूलची जागा. ती जागा मी प्रवेशपरीक्षा देऊन मिळवली होती. परत जायचं म्हणजे कुठे आणि कुठल्या वर्गात, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नसे.

अशात दसरा आला. मुंबईच्या हँगरमध्ये दसऱ्याला विमान ओढायच्या ट्रॅक्टरला हार घालायचे, पाने-हातोडे मांडून पूजा व्हायची आणि साहेबही बूट काढून उभे राहायचे. इथे तो एक साधा कामाचा दिवस होता. आईने सकाळी सहालाच पाट मांडला. त्यावर तिचा कुकर, माझा जपानी शब्दकोश आणि बाबांचा टॉर्च, खाली त्याचं कव्हर. झेंडू मिळाला होता. हळदकुंकू झालं, आणि आईने अक्षता अशा टाकल्या की वर्षभराचं भागावं. बाबांनी नमस्कार केला आणि ते अंघोळीला गेले. आई म्हणाली, "मुग्धा, टॉर्च पुस, कव्हर नीट झटक आणि बाबांच्या पिशवीत ठेव." मला सातला शाळेत बॅडमिंटनचा सराव होता, आणि उशिरा येणाऱ्याला आमच्याकडे ओरडत नसत, सगळे त्याची वाट बघत उभे राहत; ते फार वाईट. मी टॉर्चवरचं कुंकू स्वेटरच्या बाहीने पुसलं. कव्हर झटकलं नाही. टॉर्च त्यात कोंबला, पिशवीत टाकला आणि पळाले.

त्या दिवशी बाबा एका विमानाच्या पोटात, वायरिंगच्या पेट्या असतात त्या जागेत, टॉर्च घेऊन काम करत होते. त्यांचं काम झाल्यावर ती जागा बंद करण्यापूर्वी शेवटची नजर टाकायला इशिई-सान आल्या. पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या बाई. त्यांना एका कडेला एक लाल कण दिसला. विमानातले महत्त्वाचे नट घट्ट केल्यावर त्यांच्यावर रंगाची एक रेघ ओढतात. ती तुटली तर नट सैल झाला असं समजायचं. तो रंगही लाल होता. कण म्हणजे अक्षतेचा अर्धा दाणा, बासमतीचा, बुटाखाली तुटलेला. जपानी तांदूळ आखूड आणि गोल. हा बारीक तुकडा तांदूळ असेल अशी शंका त्या हँगरमध्ये कोणाला येणं शक्यच नव्हतं. विमान थांबलं. प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवायची तयारी सुरू झाली. नऊ माणसं आत शिरून एकेका नटावरची रेघ तपासायला लागली. बाबा तेव्हा हँगरच्या दुसऱ्या टोकाला चाकापाशी होते. त्यांना हे तासाभराने कळलं. ते मदतीला म्हणून आले, तर मोरी-सानांच्या हातात प्लास्टिकची छोटी पिशवी आणि तिच्यात तो दाणा.

बाबांनी नंतर आम्हाला सांगितलं की त्यांना ओळखायला एक क्षणही लागला नाही, आणि त्यानंतर मात्र बोलायला थोडा वेळ लागला. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी टॉर्च काढला आणि कव्हर मोरी-सानांच्या टेबलावर उलटं केलं. आणखी सात दाणे पडले. मोरी-सानांनी ते मोजले, पुन्हा मोजले आणि पिशवीत भरले. कोणी ओरडलं नाही. इशिई-सान आतल्या माणसांना बाहेर बोलवायला गेल्या. मोरी-सानांनी वाकून, स्वतःहून सांगितल्याबद्दल बाबांचे आभार मानले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," बाबा घरी येऊन म्हणाले, "आभार मानले म्हणजे काही खरं नाही." आई म्हणाली, तांदूळच होते ना, बॉम्ब तर नव्हता. बाबा म्हणाले, बॉम्बसाठी फॉर्म वेगळा असेल, तांदळासाठी अहवाल लिहायचा आहे. सोमवारी द्यायचा होता. शिफारशीचा निर्णय तो वाचून होणार होता.

तो अहवाल म्हणजे पाच प्रश्न, आणि पाचही एकच: का? पहिल्या 'का'चं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला का विचारायचं, असं पाच पायऱ्या खाली जायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं. जपानीत लिहायचा होता. बाबा कामापुरतं जपानी बोलायचे, पण चित्रलिपी त्यांना विमानातल्या पाट्यांपुरती यायची. म्हणून रविवारी सकाळी ओट्यालगतच्या टेबलावर ते सांगायला आणि मी लिहायला, असे बसलो. आई वाल सोलत होती. (पुढे मी आयुष्यभर भाषांतरावर पोट भरलं. करार, निकालपत्रं, मृत्युपत्रं केली. पण इतकं अवघड काम मला नंतर कोणी दिलं नाही.)

पहिला का सोपा होता: दाणा टॉर्चच्या कव्हरातून पडला. दुसरा: पूजेत टॉर्चवर तांदूळ टाकले होते. तिसऱ्याला आम्ही अडलो. टॉर्चची पूजा का केली? बाबांनी इंग्रजीत दोन-तीन वाक्यं करून बघितली, ती त्यांनाच पटेनात. आई सोलता सोलता म्हणाली, "ज्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातनं एकदा हात जोडतात, त्यात काय लिहायचं?" मी तेच लिहिलं. चौथा का होता: हँगरमध्ये नेण्यापूर्वी कव्हर का तपासलं नाही?

"मी झटकायला विसरलो, असं लिही," बाबा म्हणाले.

मी लिहिलं नाही. आईचे हात थांबले. त्या घरात त्या क्षणी तिघांनाही माहीत होतं की कव्हर झटकायला कोणाला सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा, ते तुम्ही नाही विसरलात. ते म्हणाले, "वस्तू माझी, चूक माझी. तुझं नाव त्या कागदावर येणार नाही." मी पुन्हा म्हटलं की पण मूळ शोधायचं आहे ना. तेव्हा आई म्हणाली, "अहो, तिला सांगा आता. मोठी झाली आहे. आपण इथे का आलो ते सांगा."

मला वाटलं पंचवीस तारखेचं येणार. ते आलं नाही. बाबांनी सांगितलं ते असं. मुंबईत पगार थांबून सातवा महिना होता. माणसं कमी, सुटे भाग नाहीत. एका विमानाचं चाक बदललं होतं, आणि चाकाचं काम दोघांनी स्वतंत्रपणे बघून दोघांनी सही करायची असते. दुसरी सही बाबांची. ते दुसऱ्या विमानापाशी अडकले होते. पहिली सही करणारा त्यांचा जुना सोबती कागद घेऊन आला आणि म्हणाला, झालंय टिपणीस, मी बघितलंय, कर. प्रवासी बसलेले होते. बाबांनी न बघता सही केली. विमान नागपूरला गेलं आणि परत आलं. ते आल्यावर बाबांनी चाक उघडून बघितलं. सगळं बरोबर होतं.

"काहीच झालं नाही," बाबा म्हणाले. "कोणी विचारलं पण नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर सगळं रोजच्यासारखं. मला वाटलं, आता हे मला जमायला लागलं. मग मी बाहेरगावचे अर्ज भरले."

आईने वालांचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं. बाबा मला म्हणाले, म्हणून सांगतो, मी विसरलो असं लिही, आणि पाचवं उत्तर लिही की मी घाईत होतो. मी मान हलवली आणि लिहायला घेतलं. चौथ्या ओळीत मी लिहिलं: कव्हर झटकायचं काम मुलीला सांगितलं होतं, तिने ते केलं नाही. पाचव्या ओळीत लिहिलं: तिला शाळेच्या सरावाला उशीर होत होता, आणि वडिलांच्या टॉर्चचा विमानाशी संबंध आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. मी मोठी सत्यवादी होते असं नाही. त्याच आठवड्यात मी आईला एका परीक्षेचे गुण वाढवून सांगितले होते. पण त्या सकाळी मला वडिलांचा फार अभिमान वाटत होता आणि स्वतःची फार लाज वाटत होती, आणि त्या दोन्हींतून मला एवढंच करता आलं. बाबांनी विचारलं, नीट लिहिलंस ना? मी हो म्हटलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, अक्षर छान आहे म्हणाले, आणि खाली आपल्या नावाचा लाल शिक्का मारला; इथे तीच सही.

बुधवारी बाबा नेहमीच्या वेळी घरी आले. कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. आईने बिरडं वाढलं. चार घास झाल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, चाकाची हवा सांगावी तशा आवाजात. सकाळच्या बैठकीत, जिथे सगळे रांगेत उभे असतात, मोरी-सानांनी अहवाल मोठ्याने वाचला. तिसऱ्या 'का'पाशी ते अडखळलेही नाहीत. त्यांच्या आई शिवणकाम करायच्या आणि वर्षातनं एकदा मोडलेल्या सुया मऊ टोफूत टोचून त्यांचे आभार मानायच्या. चौथ्यापाशी मात्र सगळ्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. बाबांना समजेना का. इशिई-सानांनी हळूच इंग्रजीत सांगितलं. बैठक संपल्यावर मोरी-सानांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "तिपुनिसु-सान, शिक्का मारण्यापूर्वी हे वाचलं होतंत का?"

खरं लिहिण्याच्या नादात मी वडिलांकडून न वाचलेल्या कागदावर शिक्का मारून घेतला होता, आणि तोही सही करायच्या अधिकारासाठी. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

"मग?" आईने विचारलं.

"नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, मुलीने लिहिलं होतं, मी विश्वास ठेवला. ते म्हणाले, विश्वास ठेवणं चांगलं आहे, पण सही ही विश्वासाची गोष्ट नाही." शिफारस एक वर्ष पुढे गेली होती. करार वर्षभर वाढवला होता, पण दुसऱ्याच्या सहीखाली काम करायचं, आणि त्या वर्षात अहवाल स्वतः वाचता येण्याइतकं जपानी शिकायचं. म्हणजे आम्ही राहणार होतो. आईने नकळत त्यांच्या पानात दुसऱ्यांदा बिरडं वाढलं.

मी रडायला लागले. बाबांना रडणाऱ्या माणसाचं काय करावं ते कधी कळलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मुंबईत मी न बघता सही केली, तर मला कोणी विचारलं नाही. इथे विचारलं. पगार दुबईतपण होता, मुग्धा. मी विचारणारा माणूस शोधत होतो."

मी नाक पुसलं आणि म्हटलं, बाबा, माझं चुकलं.

"कुठलं?" त्यांनी विचारलं. "टॉर्चचं की लिहिण्याचं?"

मी विचार केला. खरंच विचार केला, कारण ते वाट बघत होते.

"टॉर्चचं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले.